फुग्यातला हेलियम, मिस्टर टॉम्पकिन्स आणि एक गायब झालेला लेखक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं, म्हणजे, तर' होतं ते बरंचसं काढलंय, सगळं नाही.

गेल्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: क्वांटम फिजिक्स सामान्य माणसाला कळू शकतं का, की ते फक्त फळ्यावरच्या गणितवाल्यांचं काम? याचं सरळ उत्तर द्यायच्या ऐवजी मी आज दोन मित्रांची गोष्ट सांगणार आहे. दोघंही रशियात शिकले, दोघंही अव्वल दर्जाचे भौतिकशास्त्रज्ञ आणि दोघांनाही हे अवघड विषय साध्या लोकांना सांगायची खाज होती. एकाला त्यासाठी पुढे युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. दुसऱ्याचं काय झालं ते येईलच. आणि हो, या गोष्टीत आपला विजयदुर्गसुद्धा आहे.

पहिला मित्र जॉर्ज गॅमॉव्ह. जन्म १९०४, ओडेसा, काळ्या समुद्राच्या काठचं बंदर. उंच, बडबड्या, चेष्टेखोर. दुसरा मात्वेई ब्रॉन्स्टाइन, जन्म १९०६, युक्रेनमधल्या विनित्साचा. बुटका, चष्मेवाला, प्रचंड वाचणारा. १९२०च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राड विद्यापीठात विद्यार्थ्यांचं एक टोळकं होतं, स्वतःला 'जॅझ बँड' म्हणवणारं. वाद्यं वगैरे काही नाही, नुसता दंगा आणि फिजिक्स. त्यात गॅमॉव्ह होता, पुढे नोबेल मिळवणारा लेव्ह लँडाऊ होता, दिमित्री इवानेन्को होता आणि ब्रॉन्स्टाइन होता. प्रत्येकाला टोपणनाव. ब्रॉन्स्टाइनचं 'ॲबट', म्हणजे मठातला महंत.

१९२८ साली गॅमॉव्ह, इवानेन्को आणि लँडाऊ या तिघांनी मिळून एक छोटासा, अर्धा गमतीचा लेख लिहिला. विषय: जगातले तीन मूलभूत आकडे. सी म्हणजे प्रकाशाचा वेग, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि एच म्हणजे प्लँकचा स्थिरांक, जो क्वांटम जगाचा कारभार चालवतो. हे तीन आकडे कमी-जास्त केले तर भौतिकशास्त्राचे कुठले-कुठले नियम लागू होतात, असा तो खेळ होता. १९३३ मध्ये ब्रॉन्स्टाइनने हाच धागा पकडून भौतिकशास्त्राच्या सगळ्या सिद्धांतांचा एक नकाशाच मांडला. सी, जी, एच ही तीन अक्षरं लक्षात ठेवा.

आता त्याच १९२८ सालात उन्हाळ्यात गॅमॉव्ह जर्मनीला ग्योटिंगेनला गेला. तिथे ग्रंथालयात त्याला अर्नेस्ट रदरफोर्डचा एक लेख सापडला, ज्यात एक कोडं होतं. युरेनियमच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडतात. अल्फा कण म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, हेलियमचं केंद्रक. बाहेर पडताना त्याची ऊर्जा असते साधारण ४२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि त्याच युरेनियमवर बाहेरून ८८ लाखांचे अल्फा कण मारले तर? ते आत घुसूच शकत नाहीत! भिंतीवर आपटून परत येतात. म्हणजे बघा, बाहेरून दुप्पट जोराने येणाऱ्याला जी भिंत चढता येत नाही, ती आतला अर्ध्या जोराचा गडी कशी काय पार करतो?

आपल्याकडची हिरकणी आठवा. रायगडाचे दरवाजे बंद झाले, बाळ घरी, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. धाडसाची गोष्ट आहे, पण ती प्रत्येक पाऊल टाकत *उतरली*. अल्फा कण तसं काही करत नाही. तो भिंत चढत नाही, उतरत नाही, भोकही पाडत नाही. गॅमॉव्हने ओळखलं की नव्या क्वांटम सिद्धांतात कण हा एखाद्या गोटीसारखा एका जागी नसतो, तो लाटेसारखा पसरलेला असतो. आणि लाट भिंतीपाशी एकदम संपत नाही. भिंतीच्या आत ती झपाट्याने विरत जाते, पण पलीकडे तिचा अगदी बारीक, नगण्य असा शेपटीचा भाग उरतो. त्याचा अर्थ इतकाच की कण कधीतरी, फार क्वचित, पलीकडे सापडण्याची शक्यता शून्य नाही.

किती क्वचित? युरेनियमच्या केंद्रकात तो कण सेकंदाला सुमारे एकावर २१ शून्यं इतक्या वेळा भिंतीला धडकतो असं धरा. युरेनियमचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं. हिशोब केला तर एकावर ३८ शून्यं इतक्या धडकांनंतर एकदा तो बाहेर. आणि इथे खरी मजा आहे. भिंतीतून निसटण्याची ही शक्यता कणाच्या ऊर्जेवर भयंकर अवलंबून असते. जे ८८ लाखांचे अल्फा कण मी मघाशी म्हटले, ते पोलोनियमच्या एका प्रकारातून येतात आणि त्याचं अर्धायुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे. ऊर्जा फक्त दुप्पट, पण एकाला ४५० कोटी वर्षं लागतात आणि दुसऱ्याला डोळ्याची पापणी लवायलासुद्धा नको. हा प्रचंड फरक गॅमॉव्हच्या सूत्रातून थेट निघाला. तेव्हा तो होता २४ वर्षांचा. त्याच सुमारास अमेरिकेत गर्नी आणि कॉन्डन या दोघांनीही स्वतंत्रपणे हेच शोधलं होतं, त्यांचं नाव घ्यायला लोक विसरतात म्हणून मुद्दाम घेतो.

पृथ्वीवरचा जवळपास सगळा हेलियम याच वाटेने आलाय. जमिनीखालच्या युरेनियम आणि थोरियममधून अल्फा कण निसटले, त्यांना दोन-दोन इलेक्ट्रॉन मिळाले, झाला हेलियम वायू. तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून गोळा करतात. मॉलमध्ये वाढदिवसाला जो फुगा छताला जाऊन चिकटतो ना, त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू कधीकाळी एका न ओलांडता येणाऱ्या भिंतीतून पार झालेला आहे. क्वांटम फिजिक्स दिसत नाही म्हणणाऱ्यांनी त्या फुग्याची दोरी धरून बघावी.

तर गॅमॉव्ह युरोप गाजवून १९३१ मध्ये परत रशियात आला, आणि हवा बदललेली होती. आत्मचरित्रात त्याने एक प्रसंग सांगितलाय. लेनिनग्राडमध्ये तो सामान्य श्रोत्यांसमोर क्वांटम सिद्धांतावर बोलत होता. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वापर्यंत आला, म्हणजे कणाची जागा आणि त्याचा संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक सांगता येत नाहीत, हे. तेवढ्यात पक्षाच्या तत्त्वज्ञानाची राखण करणारा अधिकारी उठला, व्याख्यान थांबवलं आणि श्रोत्यांना घरी पाठवून दिलं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाकडून तंबी आली: लोकांसमोर पुन्हा या विषयावर बोलायचं नाही.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेत अनिश्चिततेचं गणित करायला कुणाची ना नव्हती. हरकत होती ती साध्या लोकांना सांगण्याला. जग आधीपासून ठरलेल्या रुळांवर चालतं असं ज्यांना जनतेला पटवायचं होतं, त्यांना 'निसर्गातच नेमकेपणाला मर्यादा आहे' हे वाक्य नको होतं. आपण 'सोपं करून सांगणं' म्हणजे कमी दर्जाचं काम समजतो. सत्तेने मात्र ते बरोबर ओळखलं होतं.

गॅमॉव्हने ठरवलं, पळायचं. १९३२ मध्ये तो आणि त्याची बायको, तीही भौतिकशास्त्रज्ञ, टोपणनाव 'ऱ्हो', क्रिमियातून एका छोट्या वल्ह्यांच्या होडीत बसून काळा समुद्र पार करून तुर्कस्तानला निघाले. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. सोबत उकडलेली अंडी, चॉकलेट आणि ब्रँडी. पहिला दिवस बरा गेला, मग वारा सुटला आणि समुद्राने त्यांना परत किनाऱ्यावर आणून टाकलं. (स्टुडिओत हे वाचताना मला हसू आवरलं नव्हतं. ज्या माणसाने भिंतीतून निसटायचं गणित मांडलं, त्याला स्वतःला निसटता येईना.) शेवटी १९३३ मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेला जायची परवानगी मिळाली, त्याने हट्ट करून बायकोचाही पासपोर्ट मिळवला आणि ती दोघं परत गेलीच नाहीत. १९३४ पासून तो वॉशिंग्टनला प्राध्यापक.

ब्रॉन्स्टाइन मागे राहिला.

त्याचं लग्न झालं होतं लिदिया चुकोव्स्कायाशी. तिचे वडील कोर्नेई चुकोव्स्की, रशियात घरोघरी वाचले जाणारे बालसाहित्यिक. ती स्वतः लेनिनग्राडच्या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनगृहात संपादक. तिथे सॅम्युइल मार्शाक नावाचा मोठा कवी-संपादक होता. त्याचा आग्रह असा की मुलांसाठी विज्ञान लिहायचं तर ते खुद्द वैज्ञानिकांनी लिहावं. ब्रॉन्स्टाइन दिवसा क्वांटम सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण एकत्र आणायचं काम करत होता. १९३६ चं त्याचं हे काम आज त्या क्षेत्राची सुरुवात मानलं जातं. आणि रात्री शाळकरी पोरांसाठी पुस्तक.

सुरुवातीचे खर्डे जमले नाहीत. माहिती सगळी बरोबर, पण जीव नाही. घरातच संपादक असली की सुटका नसते, त्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. आणि मग त्याला सूर सापडला: निकाल सांगायचा नाही, शोध सांगायचा. एखाद्या हेरकथेसारखा. कोण कुठे चुकलं, कुणाला काय दिसलं, कुणाला का पटलं नाही. पुस्तकाचं नाव 'सौर द्रव्य', पुस्तकरूपात १९३६ मध्ये आलं. विषय? हेलियम.

इथे येतो विजयदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या त्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, हे कोकणातल्या श्रोत्यांना माहीतच आहे. गोष्ट अशी सांगतात की १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने तिथून हेलियम शोधला. ग्रहण खरं, १८ ऑगस्ट १८६८, आणि ते भारतातून दिसलं हेही खरं. पण फ्रेंच वैज्ञानिक जान्सेन त्यासाठी आला होता तो आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. त्याने त्याच ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय, नुसत्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेला बघितलं आणि तिथे एक पिवळी रेघ त्याला दिसली, सोडियमच्या रेघेच्या जवळ, पण सोडियमची नाही. कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याची नाही. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली होती, असा तो योग. लॉकियर विजयदुर्गला आला तो पुढे, जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोपर्यंत विल्यम रॅम्सेने १८९५ मध्ये युरेनियम असलेल्या एका खनिजातून पृथ्वीवरच हेलियम काढूनही दाखवला होता. ओटे खरे आहेत, साहेब खरा आहे, साल तेवढं तीस वर्षं पुढचं. मला तर याने विजयदुर्गची शान कमी होते असं मुळीच वाटत नाही.

मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडलं आणि २७ वर्षांनी जमिनीत, ही ब्रॉन्स्टाइनच्या पुस्तकाची कथा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या का असतात, याचं उत्तर म्हणजे क्वांटम सिद्धांत. अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल त्या ऊर्जेवर राहता येत नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठराविकच जागा असतात, आणि पायरी बदलली की तेवढ्याच रंगाचा प्रकाश. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, म्हणून प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या. बारा-तेरा वर्षांच्या पोराला इथवर आणण्यासाठी ब्रॉन्स्टाइनने एकाही समीकरणाचा धाक दाखवला नाही. मग त्याने क्ष-किरणांवर दुसरं पुस्तक लिहिलं आणि रेडिओच्या शोधावर तिसरं. तिसरं त्या काळात पुस्तक म्हणून वाचकांपर्यंत पोचलंच नाही.

ऑगस्ट १९३७ मध्ये तो आई-वडिलांकडे कीव्हला गेला होता. तिथे रात्री त्याला अटक झाली. स्टालिनच्या दहशतीचं ते वर्ष, आरोपाला अर्थ असण्याची गरज नव्हती. लिदिया तुरुंगाच्या खिडक्यांसमोर रांगेत उभी राहायची. तिला सांगण्यात आलं: दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. पुढे कळलं की या वाक्याचा सरकारी अर्थ काय होता. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी गोळी घातली. वय ३१.

आता गॅमॉव्हकडे या. त्याने स्वतः नोंदवलंय की १९३८ च्या हिवाळ्यात त्याने एक विज्ञानाची कल्पित गोष्ट लिहिली. बँकेत कारकुनी करणारा एक साधा माणूस, मिस्टर टॉम्पकिन्स. भौतिकशास्त्राच्या व्याख्यानाला जातो, झोप लागते, आणि स्वप्नात अशा गावी पोचतो जिथे प्रकाशाचा वेग सायकलइतका कमी आहे. गॅमॉव्हने ती अमेरिकेतल्या हार्पर्स मासिकाला पाठवली, नाकारली. आणखी काही ठिकाणी पाठवली, तिथेही नाकारली. मग ती खणात पडून राहिली. उन्हाळ्यात एका परिषदेत चार्ल्स डार्विन भेटला, म्हणजे *त्या* डार्विनचा नातू, हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याने सुचवलं की केंब्रिजच्या 'डिस्कव्हरी' मासिकाचा संपादक सी. पी. स्नो याला पाठव. स्नोने छापली आणि आणखी मागितल्या. मग पुस्तकं निघाली, आणि १९६५ मध्ये पहिली दोन एकत्र करून नवी आवृत्ती.

मिस्टर टॉम्पकिन्सची आद्याक्षरं काय? सी. जी. एच.! जॅझ बँडचे तेच तीन आकडे. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाने लेनिनग्राडमधल्या पोरकट लेखाची आठवण एका बँक कारकुनाच्या नावात लपवून ठेवली.

आणि गॅमॉव्हची युक्ती मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण तो *एकच* गोष्ट बदलतो. एच हा आकडा आपल्या नेहमीच्या एककांत किती लहान आहे? शून्य, दशांश चिन्ह, मग ३३ शून्यं आणि नंतर ६६. इतका लहान, म्हणून बॉलला, बसला, माणसाला क्वांटम परिणाम जाणवत नाही. गॅमॉव्ह तो आकडा मोठा करतो. बाकी निसर्गाचे नियम जसेच्या तसे. मग बिलियर्डचा चेंडू टेबलावर पसरट होतो, नक्की कुठे आहे ते सांगता येईना. त्याला लाकडी त्रिकोणात कोंडलं तर तो पिसाळल्यासारखा धावू लागतो, कारण जागा नक्की केली की वेग अनिश्चित होणारच. आणि थोड्या वेळाने चेंडू लाकडाच्या भिंतीतून सरळ बाहेर! कुंपण ओलांडलं नाही, नुसता बाहेर आला. १९२८ चा अल्फा कण, आता बिलियर्डच्या टेबलावर.

दुसरं स्वप्न जंगलातलं. हत्तीवर बसून शिकार, आणि एक वाघ चारही बाजूंनी एकदम चालून येतो. वाघ एकच आहे, पण पसरलाय. नेम धरून उपयोग नाही, सगळीकडे गोळ्या झाडा म्हणतात प्रोफेसर. हरणांचा कळप बांबूंच्या रांगेतून पार होतो आणि पलीकडे पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर पडतो, जसा प्रकाश बारीक फटींतून जाताना करतो. पुस्तकात अधूनमधून प्रोफेसरांची व्याख्यानं आहेत, ती मात्र कंटाळवाणी आहेत, टॉम्पकिन्सलाही झोप लागते त्याला कारण आहे. प्रोफेसरांच्या मुलीबरोबरचं प्रेमप्रकरणही आज वाचताना जुनाट वाटतं. पण स्वप्नं अजून ताजी आहेत.

याच्या शेजारी आजचे रील ठेवून बघा. 'क्वांटम एनर्जीचं' पाणी, क्वांटम पेंडंट, मनात आणा आणि विश्व देईल. तिथे एच सोडून सगळं बदललेलं असतं. गॅमॉव्ह वाचलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता येतो: भाऊ, तुझ्या या पेंडंटमध्ये एच किती आहे? आपल्या खोलीत तो ३३ शून्यांनंतरच येतो, आणि म्हणूनच तुमच्या मनातल्या विचाराने रिक्षा भिंतीतून पार होत नाही.

गॅमॉव्हला १९५६ मध्ये युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीचं. ते सुरू झालं ओडिशाच्या बिजू पटनायकांच्या देणगीतून. १९६७ मध्ये ते फ्रेड हॉइलला मिळालं, जो विश्वाच्या उत्पत्तीवरून गॅमॉव्हचा कडवा विरोधक होता. गॅमॉव्हने टॉम्पकिन्सच्या एका स्वप्नात त्याला ऑपेरा गायला लावलंय. आणि १९९६ मध्ये हॉइलचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून ज्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती, तेच. आद्याक्षरं उलटी करून बघा. वैज्ञानिकांना नावात खोड्या दडवायची सवय असावी.

लिदिया चुकोव्स्कायाने तुरुंगाच्या रांगेतल्या एका आईची कादंबरी १९३९-४० च्या हिवाळ्यात लिहिली. वहीत लपवून ठेवली. तिच्या देशात ती छापली गेली १९८८ मध्ये. ब्रॉन्स्टाइनला १९५७ साली सरकारने निर्दोष ठरवलं. मृत्यूचा दाखला मिळाला, त्यात मृत्यूचं कारण आणि ठिकाण या रकान्यांत नुसती आडवी रेघ होती. तिने त्याच्याविषयी लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही तेच आहे, ती रेघ.

'सौर द्रव्य' १९५९ मध्ये पुन्हा छापलं गेलं. प्रस्तावना लेव्ह लँडाऊची. तो स्वतः १९३८ मध्ये एक वर्ष तुरुंगात जाऊन वाचलेला. शाळेतल्या मुलाला आणि पेशाने भौतिकशास्त्रज्ञ असलेल्याला हे सारख्याच गोडीने वाचता येईल, अशा आशयाचं त्याने लिहिलं.

पुढच्या भागात रॅम्सेच्या प्रयोगशाळेत जाऊ. विजयदुर्गला जाऊन ओट्यांचे फोटो काढलेत तर पाठवा.